उपवासकाळ कसा पाळावा: नेम, नियम आणि चाळीस दिवसांचा हिशेब

राखेच्या बुधवारी, म्हणजे कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळी डोळे चोळत ‘यंदा काय सोडावे बरे?’ असा विचार करायला बसलात, तर पहिला आठवडा हातचा गेलाच म्हणून समजा. घाईत धरलेला नेम बहुधा दोनपैकी एका जातीचा निघतो. एक तर तो आवाक्याबाहेरचा असतो, नाहीतर इतका मोघम असतो की पाळला की मोडला हेच कळत नाही. म्हणून त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी कॅलेंडरवर खूण करा आणि त्या संध्याकाळी अर्धा तास मोकळा ठेवा. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. 2028 मध्ये 1 मार्च आणि 16 एप्रिल.

त्या अर्ध्या तासात सुरुवात शेवटापासून करायची. उपवासकाळ स्वतःसाठी नसतो, तो पास्काची, म्हणजे ईस्टरची, तयारी असतो. पास्का जागरणाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्री हातात पेटती मेणबत्ती धरून तुम्ही स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वचने पुन्हा देणार असता. सैतानाला नाकारता का? त्याच्या कृत्यांना नाकारता का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर श्रद्धा ठेवता का? या प्रश्नांना होकार देताना आपली जीभ कुठे अडखळेल, ते आजच शोधायचे. नेम तिथूनच निघतो. गोड सोडण्यात वाईट काहीच नाही. पण घरातल्या माणसाशी सहा महिने धड बोलणे नसेल, तर गोडाचा त्याग हा त्या प्रश्नाला वळसा घालून जाण्याचा सोयीचा मार्ग ठरतो.

चाळीस दिवस नेमके कोणते

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. उपासनेच्या नियमानुसार मात्र उपवासकाळ पवित्र गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या मिस्साआधी (मिस्सा म्हणजे देवळातली मुख्य उपासना) संपतो आणि तिथून ईस्टरपर्यंतचा पवित्र त्रिदिवस सुरू होतो. बोटे मोजत वाद घालण्यात अर्थ नाही. व्यवहारासाठी लक्षात ठेवायचे ते एवढेच: खाजगी नेम पास्का जागरणापर्यंत चालवायचा, गुरुवारी दुपारी आवरता घ्यायचा नाही.

रविवारचे काय, हा दरवर्षीचा प्रश्न. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासाचा दिवस कधीच नसतो. पण स्वतःहून घेतलेल्या नेमाला रविवारी सुट्टी द्यावी की नाही, याविषयी ख्रिस्तसभेचा (कॅथलिक चर्चचा) कायदा काही सांगत नाही. ते तुमच्यावर आहे. एक साधी विभागणी करता येईल. खाण्यापिण्याचा नेम रविवारी सैल केला तरी चालेल, प्रार्थनेचा नेम रविवारीही चालू ठेवावा, आणि निंदा, खोटे, शिवीगाळ यांसारख्या गोष्टी सोडल्या असतील तर त्यांना रविवार नाही. जे ठरवायचे ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तिसऱ्या रविवारी मोह समोर उभा असताना केलेली तात्त्विक चर्चा नेहमी मोहाच्या बाजूनेच संपते. आणि रविवारी सैल सोडायचे म्हणजे आठवड्याची भरपाई करायची असे नव्हे, नाहीतर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यालाही लागू पडते.

कायदा काय सांगतो

मराठीत ‘उपवास’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. ख्रिस्तसभेत उपवास म्हणजे अन्नाचे प्रमाण कमी करणे. मांसवर्ज्य म्हणजे मांस न खाणे, मग बाकीचे किती का खाल्ले असेना. दोन्हींची वयोमर्यादा वेगळी, दिवसही वेगळे.

उपवास आणि मांसवर्ज्य हे दोन्ही एकत्र येतात ते दोनच दिवशी, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. उपवासकाळातल्या बाकीच्या शुक्रवारी फक्त मांसवर्ज्य असते. 14 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मांसवर्ज्य लागू होते आणि त्याला वरची मर्यादा नाही. ऐंशीच्या आजींनाही ते आहे. उपवास लागू होतो तो 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, म्हणजे 59 वा वाढदिवस होईपर्यंत. हे 1983 च्या धर्मकायद्यातले 1251 आणि 1252 हे नियम. 1253 व्या नियमाने प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेला तपशील ठरवण्याची, मांसाऐवजी दुसरे अन्न वर्ज्य करण्याची किंवा त्याजागी प्रार्थना व सेवेची कामे नेमून देण्याची मुभा आहे. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांचा शुक्रवार तुमच्यापेक्षा निराळा असू शकतो. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) काय लागू आहे ते फादरांना विचारून घ्यावे.

उपवासाच्या दिवशी दिवसभरात एकच पूर्ण जेवण घ्यायचे. सकाळी आणि संध्याकाळी थोडेसे खाण्याची मुभा पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये नियम नव्याने घालून देताना स्पष्ट ठेवली आहे. किती थोडे? सर्रास सांगितले जाते ते माप असे: ही दोन हलकी खाणी एकत्र केली तरी त्यांचे एक पूर्ण जेवण होता कामा नये. मधल्या वेळी काही चघळायचे नाही. पाणी, चहा, कॉफी, औषधे यांनी उपवास मोडत नाही. पोट भरणारे जाडजूड पेय मात्र पेयाच्या नावाखाली जेवणच असते. पूर्ण जेवण दुपारी घ्यायचे की रात्री, हे तुमच्या कामावर ठरवा. अंगमेहनत असेल तर दुपारी घेणे शहाणपणाचे.

मांसात जनावरांचे आणि पक्ष्यांचे मांस येते. मासे चालतात. अंडी, दूध, दुधाचे पदार्थ आणि प्राणिज चरबीत केलेली फोडणी किंवा मसाला यांना मनाई नाही. मुळातच शाकाहारी असलेल्यांचा नियम आपोआप पाळला जातो, पण त्यातून त्याग काहीच घडत नाही. त्यांनी शुक्रवारी स्वतःला आवडणारे दुसरे काहीतरी बाजूला ठेवावे. तीच गोष्ट उलट बाजूने: शुक्रवारी मांस नाही म्हणून महागडी मासळी आणून जेवणाचा थाट उडवला, तर कायद्याचे अक्षर पाळले जाते आणि हेतू तेवढा निसटतो.

शुक्रवारी महासण, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज्य लागू होत नाही. उपवासकाळात असे दोन महासण येतात, 19 मार्चचा संत योसेफांचा आणि 25 मार्चचा, मरियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचा. 2027 मध्ये 19 मार्च शुक्रवारीच आहे, त्यामुळे त्या दिवशी मोकळीक आहे. त्याच वर्षी 25 मार्चला पवित्र गुरुवार येतो, म्हणून निरोपाचा महासण पुढे सरकून 5 एप्रिलला साजरा होईल.

आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मधुमेहावर औषध घेणारे, जड कष्टाची कामे करणारे यांनी उपवासाचा आग्रह धरू नये. हा नियम कुणाला अंथरुणाला खिळवण्यासाठी केलेला नाही. जेवण कमी करून रक्तातली साखर घसरली आणि चक्कर आली, तर त्या दिवसाची प्रार्थनाही जाते आणि घरचेही धावपळीत पडतात. अशांनी डॉक्टरांचे ऐकून जेवावे आणि त्या दिवसाचा त्याग दुसऱ्या रूपात करावा. लहान मुलांना कायदा लागू नाही, पण त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची जबाबदारी आईवडिलांवर आणि धर्मगुरूंवर तोच कायदा टाकतो. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी एका आठवड्याचा एकच नेम पुरे. चाळीस दिवस त्या वयाला फार लांब असतात.

नेम ठरवताना

एक कागद घ्या आणि त्यावर एकाच ओळीत तीन गोष्टी लिहा: काय सोडणार, त्यातून काय मोकळे होणार, आणि ते कुणाकडे जाणार. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास यांविषयी एका पाठोपाठ बोलतो, आणि राखेच्या बुधवारी मिस्सात तेच वाचले जाते. बहुतेकांचा नेम लंगडा पडतो तो इथेच, तिघांपैकी एकाशीच गाठ बांधल्यामुळे. सोडलेल्या गोष्टीची जागा रिकामी ठेवली, की तीत आठवडाभरात दुसरी सवय येऊन बसते. संध्याकाळच्या मालिका सोडल्या आणि तो वेळ मोबाइलवर गेला, हे अगदी घरोघरचे चित्र.

समजा, झोपण्याआधीची मोबाइलवरची वीस मिनिटे सोडली. चाळीस दिवसांचे 800 मिनिटे, म्हणजे तेरा तास वीस मिनिटे मोकळे झाले. रोज दहा मिनिटे शुभवर्तमानाला आणि दहा मिनिटे एखाद्या एकट्या पडलेल्या नातेवाइकाच्या फोनला दिली, तर एकाच त्यागात तिन्ही गोष्टी बसतात. बाहेरचे खाणे सोडले तर त्याचे पैसे त्याच दिवशी डब्यात टाका. ‘शेवटी हिशेब करू’ म्हटले की हिशेब होत नाही, आणि वाचलेले पैसे घरखर्चात विरघळून जातात.

नेम मोजता यायला हवा. ‘मी जास्त प्रार्थना करीन’ हा नेम नव्हे, ती इच्छा झाली. ‘रोज सकाळी चहाआधी, खिडकीजवळच्या खुर्चीत, दहा मिनिटे’ हा नेम. वेळ, जागा, अवधी तिन्ही लिहा. स्वभावदोषांच्या बाबतीत हे अवघड जाते, पण जमते. ‘रागावणार नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘घरात कुणाशीही बोलताना आवाज चढला, तर त्याच दिवशी झोपण्याआधी माफी मागेन’ असे लिहा. ‘निंदा करणार नाही’ याला जोड द्या: ज्याच्याविषयी वाईट बोललो, त्याच्यासाठी त्याच दिवशी ‘नमो मारिया’ ही मरियेची प्रार्थना एकदा. दोन आठवड्यांत आपण सर्वांत जास्त प्रार्थना कुणासाठी करतो आहोत हे पाहून गंमतही वाटते आणि लाजही.

किती नेम घ्यावेत? एक त्यागाचा, एक प्रार्थनेचा, एक दानाचा, आणि ते एकमेकांना बांधलेले. चौथा नको. पाच-सहा नेमांची यादी पहिल्या दहा दिवसांत कोसळते, आणि कोसळताना चांगल्या नेमालाही सोबत घेऊन जाते.

आणखी काही खाचखळगे. वजन कमी करण्यासाठी आधीपासूनच जे सोडायचे होते, ते उपवासकाळाच्या नावावर मांडू नका. काटा खाली सरकला की हेतू बदलतो आणि ईस्टरनंतर हाती फक्त किलो उरतात. चहा किंवा कॉफी सोडणार असाल, तर आधीच्या आठवड्यातच दररोज थोडी थोडी कमी करत आणा. कॅफीन एकदम बंद केले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखायला लागते आणि पहिले दोन दिवस सर्वांत वाईट जातात. बुधवारचा उपवास आणि ही डोकेदुखी एकत्र आली, की चिडचिड घरच्यांच्या वाट्याला येते. म्हणजे त्याग तुमचा आणि प्रायश्चित्त त्यांचे. नेमाला नवसाचे रूपही देऊ नका. देवाला विचारपूर्वक, मुद्दाम केलेला नवस कायद्याने बंधनकारक होतो. साधा नेम मोडला तर ते आपोआप पाप होत नाही, आणि हा फरक माहीत नसल्याने काही भाविक उगाच धास्तावतात.

मत्तयच्या त्याच अध्यायात उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नकोस, असेही सांगितले आहे. मग नेम कुणालाच सांगू नये का? एकाला सांगावा. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या नियमात उपवासकाळावर स्वतंत्र प्रकरण आहे, एकोणपन्नासावे. मठवासीयाने आपण काय अर्पण करणार ते मठाधिपतीला सांगावे आणि त्याच्या संमतीनेच करावे, कारण संमतीवाचून केलेले ते घमेंडीत मोडेल, असे तिथे म्हटले आहे. मठाधिपती नसला तरी पापनिवेदन ऐकणारे फादर, नवरा-बायको किंवा एखादा शहाणा मित्र असतोच. त्यांचा पहिला उपयोग असा, की ते म्हणतात, ‘एवढे झेपणार नाही तुला.’

दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलात आणि नेमके सोडलेलेच ताटात आले, तर खाजगी नेम गुपचूप बाजूला ठेवा आणि खा. यजमानापुढे नेमाचे व्याख्यान देण्यापेक्षा ते बरे. शुक्रवारच्या मांसाची गोष्ट निराळी आहे, तो सर्वांचा नियम आहे. आमंत्रण येताच आधी कळवून टाकावे.

राख

राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली असते. कपाळावर ती लावताना धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात: ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’ किंवा तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस याची आठवण करून देणारे. राख हा संस्कार नव्हे, त्यामुळे ती कुणालाही घेता येते. स्नानसंस्कार न झालेल्यालाही, आणि ख्रिस्तशरीर (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊ शकत नाही अशा स्थितीत असलेल्यालाही. त्या दिवशीची मिस्सा सक्तीची नाही. तरी जमत असेल तर चुकवू नये, कारण बायबलमधल्या योएलच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला ‘वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा’ हा उतारा देवळात मोठ्याने ऐकण्यात वेगळीच ताकद आहे. राख पुसावी की ठेवावी याला नियम नाही.

वाचन आणि क्रुसाची वाट

शुभवर्तमान वाचायला घेणाऱ्यांनी मार्क आणि योहान ही जोडी घ्यावी. मार्कचे 16 अध्याय आणि योहानचे 21 मिळून 37 होतात. रोज एक अध्याय वाचला तर चाळीस दिवसांत तीन दिवस गाळण्याची मुभाही राहते, आणि ती लागतेच. चारही शुभवर्तमाने मिळून 89 अध्याय आहेत. रोज दोन वाचूनही पूर्ण होत नाहीत आणि वाचन धावते होते. शुभवर्तमानाऐवजी एखादे आध्यात्मिक पुस्तक घेतलेत तर एकच घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाला ग्रंथालयातून एक पुस्तक देण्याची आणि ते सलग वाचून काढण्याची सूचना बेनेडिक्ट यांच्या त्याच नियमात आहे.

ज्यांना लांब वाचन जमत नाही, त्यांच्यासाठी पश्चात्तापाची सात स्तोत्रे आहेत: 6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143. आठवड्याचे दिवस सात, स्तोत्रेही सात. 51 वे शुक्रवारी ठेवा, कारण ख्रिस्तसभेच्या प्रभातवंदनेत ते दर शुक्रवारी म्हटले जाते. 130 वे सर्वांत लहान आहे. ज्या दिवशी कामाची घाई जास्त त्या दिवशी ते घ्या. सहा आठवड्यांत प्रत्येक स्तोत्र सहा वेळा म्हटले जाते आणि एखाद-दुसरे आपोआप तोंडपाठ होते.

रविवारच्या मिस्साआधी, शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान घरात मोठ्याने वाचण्याची सवय लावली तर प्रवचन निराळेच ऐकू येते. पहिल्या रविवारी रानातला मोह आणि दुसऱ्या रविवारी येशूचे रूपांतर हे ठरलेले. पुढच्या तीन रविवारी ‘अ’, ‘ब’, ‘क’ या तीन वर्षांच्या वाचनचक्रानुसार उतारे बदलतात. ‘अ’ वर्षी विहिरीवरची शमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर. 2027 मध्ये ‘ब’ वर्ष आहे, तेव्हा मंदिराचे शुद्धीकरण, निकदेमाशी संवाद आणि मातीत पडून मरणारा गव्हाचा दाणा. ज्या धर्मग्रामात प्रौढ उमेदवार स्नानसंस्काराची तयारी करत असतात, तिथे त्यांच्या विधीसाठी या तीन रविवारी कोणत्याही वर्षी ‘अ’ चे उतारे वाचता येतात. देवळात या काळात ‘आलेलुया’ ऐकू येत नाही, वेदीवर फुले नसतात, वाद्ये गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजतात. चौथ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे दिसली तर तो निम्मी वाट सरल्याचा आनंद समजावा. हा रिकामेपणा घरातही थोडा आणता येतो: टेबलावर फुलदाणीऐवजी फक्त क्रूस, आणि जेवताना टीव्ही बंद.

क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांपाशी थांबत केलेली प्रार्थना. तिची 14 स्थाने आहेत. हा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी 1731 मध्ये कायम केला. शुक्रवारी देवळात सामुदायिक असतेच, पण एकट्याने करून बघण्यासारखी ही भक्ती आहे. प्रत्येक स्थानापाशी दोन मिनिटे दिली तर अर्ध्या तासात होते. स्थानाचे नाव म्हणा, चित्राकडे किंवा क्रुसाकडे पाहत थांबा, एक छोटी प्रार्थना म्हणा आणि पुढच्या स्थानाकडे चालत जा. चालणे महत्त्वाचे, ती वाट आहे. पुस्तिकेतला मजकूर भराभर वाचून संपवणे ही नेहमीची चूक. त्यापेक्षा पुस्तिका मिटून गप्प राहिलेले परवडते. रोज वेळ नसेल तर येशूच्या तीन पडण्यांची स्थाने निवडा: तिसरे, सातवे आणि नववे. स्वतःचा नेम मोडलेल्या आठवड्यात ती विशेष भिडतात. देवळात रीतसर प्रतिष्ठापित स्थानांसमोर ही भक्ती करणाऱ्याला, पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाविषयीची ओढ सोडणे या अटींवर, पापाच्या उरलेल्या शिक्षेची पूर्ण माफीही मिळू शकते.

दान

यावर फार लिहायची गरज नाही, करायची गरज आहे. आकडा सुरुवातीलाच ठरवा आणि तो थोडा टोचेल एवढा असू द्या. जुने कपडे आणि नको असलेली भांडी देणे म्हणजे घर आवरणे, ते दान नव्हे. शक्य असेल तेव्हा माणूस पाहून, त्याचे नाव विचारून द्या. यशयाचा अठ्ठावनावा अध्याय एकदा तरी वाचावा. भुकेल्याला आपली भाकर वाटणे, बेघराला घरात घेणे यालाच तिथे देवाला हवा असलेला उपास म्हटले आहे. पैसा नसेल तर वेळ द्या, पण वेळही ठरवून: दर शनिवारी दोन तास, अमुक आजाऱ्याकडे.

कुमसार

पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, कुमसारासाठी (पापनिवेदनासाठी) देवळाबाहेर रांग लागते आणि फादरांना एकेकासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. ज्यांना काही बोलायचे आहे, सल्ला हवा आहे, त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जावे. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून एकदा तरी करणे बंधनकारक आहे, आणि ख्रिस्तशरीरही वर्षातून एकदा, शक्यतो पास्काकाळात, घ्यायचे असते.

तयारी आदल्या रात्री करा. दहा आज्ञा समोर ठेवून गेल्या कुमसारापासूनचा काळ आठवा. गंभीर पाप कोणत्या प्रकारचे आणि साधारण किती वेळा, एवढे सांगायचे असते. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘महिन्यातून दोनदा वगैरे’ म्हटले तरी चालते. गोष्ट सांगत बसू नका. बहुतेक लांबलेल्या निवेदनांत दुसऱ्याच्याच चुका जास्त असतात: ‘ती असे म्हणाली म्हणून मी...’ तुमच्या वाट्याचे तेवढे सांगा. खूप वर्षांनी जात असाल आणि पद्धत विसरला असाल, तर सुरुवातीलाच तसे सांगा, फादर पुढचे प्रश्न विचारतात. मुद्दाम लपवलेल्या गंभीर पापाने सारे निवेदनच निष्फळ ठरते. नकळत विसरलेल्याचे तसे नाही, ते पुढच्या वेळी सांगावे. सांगितलेले प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्यतो देवळातून बाहेर पडण्याआधीच पूर्ण करा. उद्यावर टाकलेले हमखास राहते.

तिसऱ्या आठवड्यात

नेम मोडतो तो बहुधा इथे. पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरलेला असतो आणि ईस्टर अजून दूर असतो. मोडला की दोन प्रतिक्रिया होतात. काही जण ‘आता मोडलाच आहे’ म्हणून सगळे सोडून देतात. काही जण शिक्षा म्हणून नेम दुप्पट करतात, आणि तो चार दिवसांत पुन्हा मोडतो. दोन्ही टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नेम, तेवढाच, पुन्हा धरा. तीनदा मोडला तर मात्र कागद काढून पाहा: नेम मोठा होता की वेळ चुकीची होती? रात्री दहाची प्रार्थना झोपेत बुडत असेल तर ती सकाळी न्या. निम्मा केलेला नेम शेवटपर्यंत गेला, तर तो पूर्ण पण सोडून दिलेल्या नेमापेक्षा भारी. नेम मोडल्यावर आपल्याला राग का आला, हेही जरा पाहावे. देवाला दुखावले म्हणून की स्वतःच्या नजरेत उतरलो म्हणून, याचे उत्तर पुढच्या कुमसाराला उपयोगी पडते.

पवित्र सप्ताह

या आठवड्यासाठी रजा, प्रवास, घरातली मोठी कामे यांचा विचार महिनाभर आधी करा. गुरुवारी संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या तीन विधी मिळून एकच उपासना आहे. गुरुवारच्या मिस्साच्या शेवटी समारोपाचा आशीर्वाद नसतो तो त्यामुळेच. साफसफाई, खरेदी, ईस्टरचे गोड पदार्थ हे बुधवारपर्यंत उरकले नाही, तर शनिवार स्वयंपाकघरातच जातो.

झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली आशीर्वादित झावळी क्रुसामागे खोचून ठेवतात. ती कचऱ्यात टाकायची नाही. पुढच्या राखेच्या बुधवारआधी देवळात परत द्यायची.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी, मग मिस्सानंतर ख्रिस्तशरीर मिरवणुकीने वेगळ्या जागी नेले जाते आणि वेदी उघडी केली जाते. ख्रिस्तशरीर ठेवलेल्या जागी मध्यरात्रीपर्यंत बसता येते. एक तास तरी बसा आणि सोबत योहानचे तेरा ते सतरा हे अध्याय घ्या. शेवटच्या भोजनाच्या वेळचे बोलणे त्यात आहे. गुड फ्रायडेला जगात कुठेच मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचा विधी होतो: योहानच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तांत, दहा मोठ्या विनंत्या, क्रुसाचे वंदन आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेल्या ख्रिस्तशरीराचे वाटप. उपवास आणि विधी एकाच दुपारी येतात, म्हणून पूर्ण जेवण कधी घ्यायचे ते आधी ठरवा. शुक्रवारचा उपवास शक्य असेल तर शनिवारीही पुढे चालवावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सुचवले आहे. ती सक्ती नाही, पण पास्का जागरणाला हलक्या पोटी जाण्यात मोठा फरक पडतो. शनिवारी दिवसभर मिस्सा नसते. कुमसार आणि आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार तेवढे शुक्रवारी-शनिवारी मिळू शकतात.

पास्का जागरण अंधार पडल्यावरच सुरू होते. जुन्या करारातली सात वाचने असतात; कमी केली तरी किमान तीन, आणि निर्गमच्या चौदाव्या अध्यायातले समुद्र ओलांडण्याचे वाचन कधीच गाळता येत नाही. दोन-तीन तासांची तयारी ठेवा, लहान मुलांना दुपारी झोपवून न्या. जाण्याआधी नेमाचा तो कागद काढून एकदा वाचा. वचनांचे प्रश्न विचारले जातील तेव्हा कशाला होय म्हणतो आहोत ते ध्यानात राहते.

दुसऱ्या दिवशी सोडलेले सगळे एकदम पानात वाढून घेऊ नका, पोट चाळीस दिवसांत बदललेले असते. तीन नेमांपैकी एखादा अंगवळणी पडला असेल तर तो तसाच चालू ठेवायला हरकत नाही, बहुधा प्रार्थनेचा टिकतो. ईस्टरच्या आठवड्यातला प्रत्येक दिवस महासणासारखाच, त्यामुळे त्या शुक्रवारी मांसवर्ज्य नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून मात्र वर्षभरातला प्रत्येक शुक्रवार पुन्हा प्रायश्चित्ताचा.